काचांची वहिवाट

आमच्या माजघरात पणजीची एक तसबीर आहे. तळहाताहून थोडी मोठी, जाड पुठ्ठ्यावर डकविलेली, कडांना तांबूस पडलेली. पणजी खुर्चीवर बसली आहे. पदर डोक्यावरून दोन्ही खांद्यांवर घेतलेला, नाकात नथ, हात मांडीवर, आणि मुद्रा अशी की आता श्वास घेऊ नका असे कोणी तरी तिला बजावले असावे. पुठ्ठ्याच्या खालच्या अंगास 'राजा दीनदयाळ आणि पुत्र, सिकंदराबाद' असा इंग्रजी अक्षरांतला ठसा आहे. पाठीमागे शिसपेन्सिलीने घातलेला एक आकडा, आणि त्याखाली पणजोबांच्या मोडी हस्ताक्षरात १३२१ फसली हे साल.

ह्या तसबिरीची कथा आमच्या घरात पिढीजात सांगितली जाते. पणजोबांनी थोरल्या मुलाच्या अक्षराभ्यासासाठी बासरची यात्रा केली. आदिलाबादेहून बैलगाड्या निघाल्या, निर्मळच्या वाटेने गोदावरीकाठी पोहोचल्या, आणि सरस्वतीपुढे मुलाने पहिली अक्षरे गिरविली. बासरावरून गोदावरी खोऱ्याची छोट्या रुळांची आगगाडी जाऊ लागून तेव्हा दहा-बारा वर्षे झाली होती. मनमाडपासून औरंगाबाद, परभणी, नांदेड घेत ती सिकंदराबादेस जाई. इतके दूर आलोच आहोत तर राजधानी पाहून घ्यावी असे पणजोबांच्या मनाने घेतले. तेथे राजासाहेबांनी स्वतः काळ्या कापडाखाली डोके घालून पणजीची तसबीर काढली, आणि तिचा पदर एका बाईने येऊन सारखा केला. एवढी ही कथा.

वकिलीच्या धंद्याने माणसाचे एक विशेष नुकसान होते. तो घरच्या कथांचीही उलटतपासणी घेऊ लागतो. फसली सालात ५९० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. १३२१ फसली म्हणजे १९११-१२. राजा दीनदयाळ ५ जुलै १९०५ रोजी वारले. तेव्हा ज्याला वारून सहा वर्षे झाली त्याने आमच्या पणजीची तसबीर काढली, अशी ही साक्ष ठरते. ऐन उमेदीच्या दिवसांत हा शोध आम्ही मोठ्या फुशारकीने आजीस ऐकविला. ती तांदूळ निवडीत होती. तिने मान वर केली नाही.

"मेला असेल," ती म्हणाली, "पण फोटो त्यानेच काढलाय."

आम्ही तेव्हा हसलो. आज तिचे म्हणणे आम्हांस तितके टाकाऊ वाटत नाही.

लाला दीनदयाळ हे मूळचे मीरतजवळच्या सरधन्याचे, जैन जवाहिऱ्यांच्या घराण्यातले. जन्म १८४४ चा. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात स्थापत्याचे शिक्षण घेऊन १८६६ साली ते इंदूरास बांधकाम खात्यात नकाशे व अंदाजपत्रके करण्याच्या कामावर लागले. कॅमेरा हाती आला तो नोकरी करता करता, १८७४ च्या सुमारास. म्हणजे तुकोजीराव होळकरांच्या इंदुरात, मराठी दरबाराच्या आश्रयाने, ह्या गृहस्थाचा हात बसला, ही गोष्ट आपण मराठी माणसांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे मध्य हिंदुस्थानचे एजंट सर हेन्री डेली यांनी त्यांना आपल्याबरोबर बुंदेलखंडात नेले. त्यांच्या मागून आलेले सर लेपेल ग्रिफिन यांचा मध्य हिंदुस्थानातील प्रसिद्ध वास्तूंवरचा ग्रंथ १८८६ साली निघाला, तो दीनदयाळांच्या छायाचित्रांवरच उभा आहे. १८८५ साली व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांनी त्यांना आपले छायाचित्रकार नेमले. सिकंदराबादचा स्टुडिओ त्याच सुमारास, १८८६ साली, उघडला. सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार केले, आणि पुढे 'राजा बहादुर मुसव्विर जंग' असा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चितारी आणि जंग म्हणजे लढाई. हैदराबादच्या दरबारात तलवार न उपसताही माणूस जंग होऊ शके, हा त्या राज्याचा एक गोड स्वभाव होता.

इतके चरित्र कोणत्याही कोशात सापडेल. आम्हांस त्यातील दोनच गोष्टींचे मोल वाटते. पहिली, स्त्रियांची. १८९२ साली ह्या पेढीने हैदराबादेत बायकांसाठी वेगळा जनानी स्टुडिओ काढला. सभोवार उंच भिंती, आत पुरुषास मज्जाव, आणि कॅमेऱ्यामागे मिसेस केनी-लेव्हिक नावाची इंग्रज बाई व तिच्या हाताखाली एतद्देशीय बायका. पडद्यातील स्त्रीचे मुख काचेवर उमटावे, परंतु परक्या पुरुषाच्या नजरेस पडू नये, ही अडचण धंद्याची होती आणि धंद्यानेच ती सोडविली. पदर सारखा करणाऱ्या बाईची हकीकत आम्ही पणजीच्या बाजूने मान्य करून टाकली आहे.

दुसरी गोष्ट ठशातल्या 'आणि पुत्र' ह्या शब्दांची. ज्ञानचंद आणि धरमचंद हे दोघे मुलगे बापाच्या हाताखाली तयार झाले. १८९६ साली मुंबईस शाखा निघाली, सगळा पसारा वाढला, पन्नासांवर माणसे कामास होती. इतक्या माणसांच्या कारखान्यात कोणती काच कोणाच्या हातची, हे ठशावरून कळत नाही. एक पडदा सरकवी, दुसरा काच चढवी, तिसरा अंधाऱ्या खोलीत ती धुई, चौथा टोकदार पेन्सिल घेऊन काचेवरच्या सुरकुत्या बुजवी, पाचवा उन्हात कागदावर ठसा उतरवी. ह्या सर्वांचे मिळून जे नाव, ते दीनदयाळ. धरमचंद १९०४ साली गेले, त्यांच्या मागोमाग १९०५ साली बाप गेला, आणि १९१९ पर्यंत ज्ञानचंदांनी ते नाव चालविले. कायद्याच्या भाषेत पेढी मेलेली नव्हती. आजीने कायदा वाचला नव्हता, एवढेच.

आता त्या पाठीमागच्या आकड्याकडे वळू. फोटोवाल्याच्या दुकानात गिऱ्हाईकाच्या हाती पडतो तो कागद. मूळ काच दुकानातच राहते. तिला क्रमांक पडतो, तो वहीत चढतो, आणि काच खाचांच्या लाकडी पेटीत उभी केली जाते. आकडा सांगितला की पाच वर्षांनीही दुसरी प्रत निघे. दहा इंच बाय बारा इंचांच्या एका काचेचे वजन चारशे-पाचशे ग्रॅम. शंभर काचांची पेटी उचलावयास दोन माणसे लागत. दुकान जुने होई तसे पेट्यांनी आधी कपाट भरे, मग खोली. आणि प्रती मागणारे गिऱ्हाईक तर एका पिढीत संपते. पुढे उरते ते निव्वळ ओझे. पावसाळ्यात ओल लागून काचेवरचा सरसाचा थर सुटतो, बुरशी धरते. किती तरी ठिकाणी दुकानदारांच्या वारसांनी गरम पाण्याने काचा धुतल्या आणि खिडक्यांना, देवांच्या तसबिरींना बसविल्या. आपल्यापैकी कोणाच्या देवघरातील गणपतीपुढची काच कोण्या काळी कोणा सासुरवाशिणीचा मुखडा धरून होती की काय, हे आता तो गणपतीच जाणे.

कायद्याने ह्या वस्तूची मालकी कोणाची? प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. कागद गिऱ्हाइकाचा. काच दुकानदाराची. पण काचेवरून प्रती काढण्याचा हक्क? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे सतरावे कलम म्हणते की, मोबदला देऊन कोणी फोटो काढवून घेतला, आणि उलट करार नसला, तर तो हक्क प्रथमतः काढवून घेणाराचा. म्हणजे काच ज्याच्या घरात, तिचा उपयोग त्याच्या हातात नाही, आणि उपयोगाचा हक्क ज्याचा, त्याच्या घरात काच नाही. इंग्लंडात १८८८ साली, म्हणजे सिकंदराबादचा स्टुडिओ दोन वर्षांचा होता त्या वेळी, पोलार्ड नावाच्या एका बाईने फोटोवाल्यावर दावा लावला होता. तिने पैसे देऊन आपला फोटो काढविला, आणि ह्याने तोच नाताळच्या शुभेच्छापत्रावर छापून दुकानाच्या खिडकीत विक्रीस मांडला. न्यायमूर्ती नॉर्थ यांनी मनाईहुकूम दिला. काच तुझ्याकडे आहे ती विश्वासाने आहे, असा त्या निकालाचा आशय.

हा विचार आपणां देवळांच्या माणसांना परका नाही. कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यात कुलदेवतेच्या मूर्तीवरून भांडण झाले, तेव्हा प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली सांगितले की देवाची मूर्ती ही वारसांनी हवी तशी हलविण्याची जंगम चीजवस्तू नव्हे. वारसांना पाळीची सेवा आहे, आणि देवाच्या इच्छेचाही विचार केला पाहिजे. आपल्याकडे वहिवाटदार, पंच, महाजन असतात, त्यांची नावे कागदावर असतात, किल्ल्या कमरेला असतात, पण गाभाऱ्यातले त्यांच्या बापाचे नसते. जुन्या फोटोवाल्याची खोली आम्हांस तशीच वाटते. माणसे दुसऱ्यांची, किल्ली ह्याची.

दीनदयाळांच्या वंशजांनी ही वहिवाट सांभाळली. दरबार गेले, संस्थान गेले, काचेची जागा फिल्मने घेतली, तरी पेट्या घरात राहिल्या. १९८९ साली त्यांतल्या २,८५७ काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राकडे गेल्या. आमच्या पणजीची काच त्यांत आहे असा आमचा दावा नाही. परंतु सत्तर वर्षे, ज्यांतून फुटका पैसा सुटण्याची आशा नाही अशा जड, नाजूक पेट्यांना कोणी भंगार म्हटले नाही, ह्याचे मोल काय, ते सांगावयास आम्ही अधिकारी आहोत. कारण तो शब्द आम्ही एकदा लिहिला आहे.

आमच्या तालुक्याच्या गावी एक फोटो स्टुडिओ होता. नाव सांगण्याचे कारण नाही. निजामी अमदानी संपल्यावर थोड्याच वर्षांत एका उमद्या माणसाने तो काढला आणि त्याच्या दोन मुलांनी चालविला. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ साली आमच्या जिल्ह्यातून निघून पलीकडच्या राज्यात गेले, पण तिकडची लग्ने पुष्कळ वर्षे ह्याच दुकानात येऊन फोटो काढवीत राहिली. हद्द कागदावर सरकते, सोयरीक सरकत नाही. ओळखपत्रे, बारशी, मयतीआधी घाईने काढलेले म्हाताऱ्यांचे फोटो, शाळांचे गट, आणि दरवर्षी देवाचा रथोत्सव. रथ पारापाशी वळला की बाप शिडीवर चढून एक फोटो घेई. पुढे मुलगे घेऊ लागले.

मग सर्वत्र झाले तेच झाले. २०१२ च्या जानेवारीत खुद्द कोडॅक कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज दिला, तेथे आमच्या गावच्या दुकानाची काय कथा! थोरल्याने संगणक आणला, धाकट्याचे त्याच्याशी जमेना. तेलंगण राज्य नुकतेच झाले होते त्या सुमारास दोघे आमच्याकडे वाटणीपत्रासाठी आले. भांडण नव्हते. दोघेही रडले, हे आम्ही पाहिले आहे.

यादी करावयास आम्ही स्वतः दुकानात गेलो. गाळा, दोन कॅमेरे, एन्लार्जर, दिव्यांच्या छत्र्या, छापण्याचे यंत्र, संगमरवरी जिन्याचे चित्र रंगविलेला पडदा, वेताची खुर्ची, येणी-देणी, दुकानाचे नाव. नावाची किंमत धरली नाही म्हणून थोरल्याशी आम्ही वादही घातला. असा आमचा काटेकोरपणा. मग माळ्याकडे पाहिले. शिडी लावून वर डोकावलो. बिस्किटांचे पत्र्याचे डबे, इल्फर्डचे पुठ्ठ्याचे खोके, खाचांची एक लाकडी पेटी, सुतळीने बांधलेल्या वह्या.

"हे काय?"

"जुनं आहे सगळं, वकीलसाहेब. बाबांच्या वेळचं. निगेटिव्ह."

आम्ही खाली उतरलो, हातावरची धूळ झटकली, आणि यादीच्या शेवटी लिहिले: 'माळ्यावरील किरकोळ भंगार सामान, धाकट्याकडे.'

ह्यातली लाजिरवाणी गोष्ट अशी की निगेटिव्हचे मोल आमच्याइतके त्या दुकानात कोणाला ठाऊक नसेल. फिल्मच्या काळात कोर्टात फोटो दाखल झाला की समोरचा वकील पहिला प्रश्न विचारी, निगेटिव्ह कोठे आहे? ती नसली की फोटोची साक्ष लंगडी पडे. हा प्रश्न विचारून आम्ही दोन-तीन दावे जिंकले आहेत. काळा कोट अंगावर असता जी वस्तू पुराव्याचा प्राण, ती शिडीवरून उतरताना भंगार झाली.

पुढे चार-पाच वर्षांनी देवळाचा रथ मोडला. जुना सागवानी रथ, आतून वाळवीने पोखरलेला. उत्सवाच्या आधी ओढून पाहिला तो कणाच बसला. पंचांनी नवा करावयाचे ठरविले, परंतु हुबेहूब जुन्यासारखा. निर्मळहून नक्काश बोलाविले. त्या लोकांची हत्यारे आणि नजर पिढ्यान्‌पिढ्यांची. त्यांतल्या म्हाताऱ्याने रथाच्या मोडलेल्या फळ्या हातात घेतल्या, त्यांवरची झिजलेली नक्षी बोटांनी चाचपली, आणि म्हणाला, फोटो द्या. सगळे पंच एकदम बोलले, फोटो काय, दर साली काढला आहे! आणि आणावयाची कामगिरी अर्थात आमच्याकडे आली, कारण दोघे भाऊ आमचे पक्षकार.

धाकट्याने बसावयास पाट दिला, चहा दिला. मग त्याने शांतपणे सांगितले. घराला गिलावा करावयाचा होता तेव्हा माळ्यावरचे सामान त्याने विकले. फिल्ममधून चांदी निघते म्हणून तिचे खरेदीदार फिरत असतात. त्यांनी डबे वजनावर नेले. पेटीतल्या काचा तसबिरी मढविणाऱ्याने नेल्या. वह्या रद्दीत गेल्या. किती पैसे आले ते त्याने सांगितले, पण तो आकडा येथे लिहावासा वाटत नाही.

"आम्हाला विचारायचे तरी," आम्ही म्हणालो.

"तुम्हीच लिहिलं होतं ना, वकीलसाहेब," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. त्याने आमच्या लिहिण्यावर विश्वास ठेवला होता.

ह्या जिल्ह्यात १९४० नंतर फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ नावाचे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ येऊन राहिले. मारलवाईच्या गोंडांत त्यांनी वर्षे घालविली आणि शेकडो फोटो काढले. ते आज लंडनच्या एका विद्यापीठात जपून ठेवलेले आहेत. ऐंशी वर्षांपूर्वीचा गोंड नाच कसा असे, हे तेथे जाऊन पाहता येते. आमच्या पारापाशी वळणारा रथ मात्र आमच्याच माळ्यावर होता, आणि तो आम्हीच उतरविला.

मग घरोघर निरोप गेले. कोणाकडे आल्बम वाळवीने खाल्लेला, कोणाकडे फोटो एकमेकांस चिकटून बसलेले. थोरल्याच्या संगणकात अलीकडची पाच-सहा वर्षे सापडली, पण तोवर रथाला ऑइलपेंटचे इतके हात बसले होते की नक्षी बुजून गेली होती. शेवटी एका म्हाताऱ्या बाईने पेटीतून एक कागदी प्रत काढून दिली. तिच्या लग्नाच्या वर्षीची. नवरा-नवरी देवदर्शनास आलेली, त्यांच्यामागे रथ. रंग लागण्यापूर्वीचा, लाकडाचा. मात्र उजव्या बाजूस वऱ्हाडी मंडळींची एवढी दाटी की तिकडचा अर्धा रथ फेट्यांनी झाकला आहे. नक्काशाने ती प्रत भिंगाखाली धरली, बराच वेळ पाहिली, आणि डावी बाजू दिसते म्हणाला.

उजवीकडे काय होते ह्यावर देवळात तीन बैठका झाल्या. एक म्हणे गरुड, दुसरा म्हणे मारुती, तिसऱ्याच्या आठवणीत गरुड आणि मारुती दोघेही होते. ऐंशी ओलांडलेल्या एका गृहस्थांनी शपथेवर सांगितले की तेथे काहीच नव्हते. आम्ही साक्षी नोंदवीत बसलो होतो. अखेर नक्काशाने विचारले, मी काय करू? कोणी उत्तर दिले नाही. त्याने डावीकडे फोटोतल्याप्रमाणे जय-विजय, मोर आणि कमळांची पट्टी कोरली. उजवीकडे नुसती वेल काढली. वेल सुरेख आहे.

उत्सवात रथ गावातून फिरतो तेव्हा आम्ही डाव्या बाजूने चालतो.